तार खाली जाते तेव्हा

मुलांनो, एक घर डोळ्यांसमोर आणा. साधंच घर, साधंच दार, दाराशी घंटा. फक्त एक गोष्ट उलटी आहे. कोणी आलेलं नसतं तेव्हा ही घंटा वाजत असते, दिवसभर, एकसारखी; आणि पाहुणा येऊन बटणावर बोट ठेवतो तेव्हा ती गप्प होते. बोट आहे तोवर गप्प. ज्यांना हे ठाऊक आहे त्या माणसांचं काही बिघडत नाही. आवाज त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो, आणि घर अचानक शांत झालं की ती उठून दार उघडतात. आता त्या घरात दुसरं बिऱ्हाड येऊ द्या. त्यांच्या जुन्या घरी घंटा वाजली की पाहुणा, असा साधा हिशेब. ती माणसं धावत दाराशी जातील; कोणी नाही. परत येऊन बसतील, घंटा चालूच. पुन्हा जातील. शेवटी वैतागून कानात कापसाचे बोळे घालतील आणि आपापल्या कामाला लागतील. मग केव्हातरी खरंच कोणी येईल आणि बटणावर बोट ठेवून उभं राहील. किती वेळ उभं राहील ते तुम्ही ठरवा. तो पाहुणा तुम्हीच आहात असं समजा, आणि मग पुढचं ऐका.

शनिवारी सकाळी नाश्त्याच्या दुकानात यिन-च्यूला कळलं की तिची मुलगी मका खात नाही. एवढंच झालं. दुकानवाली तव्यावर अंड्याची पोळी उलटत होती, बाहेर तैपेईजवळच्या लिनकोऊच्या चढावरून धुकं खाली सरकत होतं, आणि यिन-च्यूचं लक्ष फोनवर होतं, कारण कचेरीत चाचणीच्या टेबलावर बसलेल्या झुआंगने काहीतरी पाठवलं होतं. "छोटीला काय देऊ?" दुकानवालीने विचारलं. "नेहमीचंच, मका घालून," यिन-च्यू वर न बघता म्हणाली. उलथणं तव्यावर थांबलं. "मका? अहो, मक्याला शिवत तरी का ही? रोज जेवायच्या काड्यांनी एकेक दाणा वेचते, टिश्यूत गुंडाळते आणि जाताना कचऱ्याच्या डब्यात टाकते. मी म्हटलं, असेल काही नवस-बिवस." दुकानवाली हसली. शेजारच्या टेबलावरचा म्हातारासुद्धा हसला. यिन-च्यूने फोन पालथा ठेवला. "खरं का गं आन-आन?" मुलगी सोयाच्या दुधातली नळी फिरवत होती. "चालतं मला," ती म्हणाली. "मग सांगायचं नाही का?" मुलीने थोडा विचार केला, उत्तर चुकू नये अशा काळजीने, आणि म्हणाली, "तू मागवतेस ना."

धुक्यातून कचेरीकडे चालताना यिन-च्यूच्या हातात मुलीचा हात होता आणि डोक्यात टिश्यूच्या पुड्या होत्या. लहानशा, घट्ट वळलेल्या, रोज एक. आन-आनला मका आवडतो हे तिला कोणी सांगितलं होतं? खूप शोधल्यावर एक चित्र सापडलं: कोउहूच्या सासरच्या अंगणात सिमेंटवर बसून भाजलेलं कणीस दोन्ही हातांनी धरलेलं मूल, गालांवर काजळी. ते चित्र फोनमध्येही होतं. पण आता, चढ चढत असताना, तिला दिसलं की त्या मुलाच्या पायात निळ्या चपला आहेत, आणि निळ्या चपला दिराच्या मुलाच्या होत्या. इतकी वर्षं ती दुसऱ्याच मुलाची आवड आपल्या मुलीला भरवत होती आणि मुलगी ती वेचून बाजूला काढत होती, हू की चू न करता. यिन-च्यूला राग आला. कोणाचा आला ते कळेना.

कोउहूला समुद्राचा वास असतो, आणि लसणाचा, आणि मत्स्यतळ्यांचा. आन-आन जेमतेम वर्षाची असताना तिला तिथे आजीकडे, तिच्या आ-माकडे, ठेवलं. त्यात जगावेगळं काही नव्हतं. कचेरीच्या मजल्यावरच्या निम्म्या बायकांची मुलं दक्षिणेत कुठे ना कुठे आज्यांकडे होती, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या एकमेकींना फोनमधली मुलं दाखवत. शुक्रवारी संध्याकाळची बस, रविवारी दुपारची परतीची. वेन-पिन, तिचा नवरा, तेव्हाच चीनमधल्या कुनशानच्या कारखान्यात गेला होता आणि तिथून सणासुदीला यायचा. पहिल्या वर्षी रविवार दुपार म्हणजे आकांत असायचा. आन-आन यिन-च्यूच्या बॅगेचा पट्टा धरून अशी ओरडायची की शेजारची कुत्री भुंकायला लागत. मग सासूबाईंनी उपाय काढला. तळ्यात हवा मिसळायला पाण्याची चाकं असतात, फटफट फटफट पाणी उडवतात, पोरीला त्यांचं वेड. "चल, चाक बघायला चल," म्हणून त्या तिला पुढच्या दारानं तळ्याकडे नेत, आणि यिन-च्यू मागच्या दारानं, लसणाच्या जुड्यांखालून वाकून, चपला हातात घेऊन बाहेर पडे. सगळेच असं करतात. रडणं बघावं लागत नाही. किती रविवार असे गेले, आणि मग एका रविवारी आजी म्हणाली, "चल, चाक बघायला," तर पोरगी हललीच नाही. रडलीही नाही. अंगणात उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना सोडून, आणि आईकडे बघत राहिली. यिन-च्यू पुढच्या दारानं, चपला पायात घालून, सरळ तिच्यासमोरून निघून गेली. "बघ, शहाणी झाली," सासूबाई म्हणाल्या. बसमध्ये यिन-च्यूला इतकं हलकं वाटलं की ती थेट ताइचुंगपर्यंत झोपली. ती झोप तिला अजून आठवते. त्यानंतर तशी झोप लागली नाही.

शाळेचं वय झाल्यावर आन-आनला लिनकोऊला आणलं, आणि परवा सासूबाईंचा फोन आला होता. त्या फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात, मधल्या अंतराला ऐकू जावं म्हणून. "रविवारी तुझा दीर लसणाचा ट्रक घेऊन येतोय तैपेईला. जाताना पोरीला घेऊन जाईल." "का आई?" "का म्हणून मलाच विचारतेस? शाळेतल्या बाईंचा फोन मला येतो. तू उचलत नाहीस म्हणे. वर्गात तोंडच उघडत नाही पोरगी." "आई, ती लहान होती तेव्हा वेगळं होतं. आता शहाणी झालीय." "शहाणी!" पलीकडे काहीतरी दाणकन ठेवल्याचा आवाज आला. "शहाणं तर कपाटही असतं! अगं, इथं होती तेव्हा कोंबड्यांशी भांडायची ती. माझ्याशी दिवसभर टकळी. तू आलीस की तेवढी गप्प व्हायची. मला वाटायचं, आई आली म्हणून सुखानं गप्प झाली. मी पण मूर्खच. आता माझ्याशी फोनवरसुद्धा 'हं' आणि 'हं'. हे बघ, मला भांडायचं नाहीये. तिच्या तोंडून ऐकव मला, की आ-मा, मला इथं राहायचंय. नुसतं 'हं' नको. तोंडानं बोलू दे. मी ट्रक रिकामा परत बोलावते. नाहीतर रविवारी सकाळी तयार ठेव." कुनशानला विचारलं तर वेन-पिन म्हणाला, "तू बघ. तुला योग्य वाटेल ते." त्यानेही नेहमीसारखं तिच्यावरच सोडलं होतं. काल रात्री जेवताना तिने आन-आनला विचारलं होतं, "रविवारी काका येतोय. तुला आ-माकडे जायचंय की माझ्याजवळ राहायचंय?" "दोन्ही चालेल," मुलगी म्हणाली, आणि मासा अगदी नीट खाल्ला, काटे ताटलीच्या कडेला ओळीत लावून. यिन-च्यूला तेव्हा वाटलं होतं, किती समजूतदार आहे.

चाचणीची खोली गार होती. झुआंग, तिच्या हाताखाली दोन वर्षांपूर्वी लागलेला पोरगा, टोपीचा सदरा डोक्यावर ओढून बसला होता. "ताई, आलात! आणि छोटी पण? ये ये, इथं बस, काकाची खुर्ची गोल फिरते." आन-आन बसली. खुर्ची फिरवली नाही. दप्तर मांडीवर घेतलं, वही काढली. "कसली शांत आहे हो," झुआंग कौतुकाने म्हणाला. "माझ्या बहिणीचं कार्टं असतं ना, तर एव्हाना आग विझवायचा नळ चालू करून बसलं असतं." दर टेबलावर, उघड्या लॅपटॉपांच्या शेजारी, खाऊचं एकेक हिरवं पाकीट उभं होतं, नारळाच्या चवीच्या कुरकुरीतांचं, ज्याचं नाव म्हणजे मुलांना आपण म्हणतो ना, शहाण्यासारखं वाग, तेच. इथे कोणी त्याची थट्टा करत नाही. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ते ठेवायचं. हिरवंच हवं, पिवळं-लाल ठेवलं तर यंत्र बिघडतं. तारीख उलटलेली नको. आणि यंत्रावर ठेवलेलं पाकीट कोणीही फोडायचं नाही. उच्च शिक्षण घेतलेली, विलायतेत राहून आलेली माणसं टेबलाजवळून जाताना ते पाकीट हलकेच सरळ करून जातात. यिन-च्यूनेही तिच्या टेबलावरचं सरळ केलं, आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं.

बिघाड असा होता. यंत्र सुरू केलं की टचपॅड उत्तम चाले. बोट फिरवा, पडद्यावरचा बाण फिरे. पण एकदा झाकण मिटून, यंत्राला झोपवून पुन्हा उघडलं की आतला पंखा घुरघुरायला लागे, जसं काही यंत्र जिना चढतंय, मग काही वेळाने पंखा शांत होई आणि त्यानंतर बाण मेलेला. बोट वर, खाली, गोल. बाण जागच्या जागी. सोमवारी ही यंत्रं परदेशी शाळांसाठी जहाजावर चढायची होती, आणि त्या शाळांना फुकटातली, सगळ्यांसाठी खुली असलेली कार्यप्रणाली हवी होती. नेहमीच्या विकतच्या प्रणालीत हे दिसतच नव्हतं. टचपॅडच्या चिपकडून एक बारीक तार प्रक्रियकाकडे, म्हणजे यंत्राच्या मेंदूकडे, जाते. बोट लागलं की चिप त्या तारेवरून हाक घालते, आणि कोणी येऊन विचारपूस करेपर्यंत घालत राहते. प्रणालीचा गाभा ती हाक ऐकून ड्रायव्हरला, म्हणजे टचपॅडची भाषा जाणणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, उठवतो: जा, बघ काय म्हणतेय. ड्रायव्हर जातो, बोट कुठे आहे ते वाचून येतो. इथे काय होत होतं, तर झोपेतून उठल्यावर ड्रायव्हर जाई, आणि परत येऊन सांगे, तिथे काहीच नाही. गाभा म्हणे, पण हाक तर चालू आहे. पुन्हा जाई. काहीच नाही. हजारो वेळा, डोळ्याचं पातं लवण्याआधी. पंख्याची घुरघुर ती. आणि शेवटी गाभा एक ओळ लिहून ठेवी आणि ती तार कायमची बंद करी. ती ओळ यिन-च्यूने इतक्या वेळा वाचली होती की डोळे मिटले तरी पांढऱ्या अक्षरांत दिसे. तिचा अर्थ एवढाच: या हाकेची कोणीच पर्वा केली नाही. कोणा परदेशी माणसाने कधीकाळी गमतीत लिहिलेली असेल. यंत्राच्या पोटात असं वाक्य असावं याची तिला पूर्वी मौज वाटायची. आज पंखा घुरघुरला, थांबला, ओळ उमटली, आणि तिने मान वळवून आन-आनकडे पाहिलं. मुलगी रंगवत होती. काय रंगवतेय ते हाताच्या कोपरामागे झाकलेलं होतं.

दुपारी तिने यंत्राचं पोट उघडलं. एवढे दिवस ती ड्रायव्हरच चाळत होती, कारण तो तिनेच लिहिलेला होता, ते तिचं घर होतं. हरवलेली वस्तू माणूस आधी आपल्याच घरात शोधतो. आज काय वाटलं कोण जाणे, तारेतली वीज रेघेत दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची सुई घेतली आणि थेट त्या तारेला टेकवली. पडद्यावर हिरवी रेघ आली. वर, सरळ, निवांत. टचपॅडला कोणी हात लावलेला नव्हता. "झुआंग, बोट ठेव." झुआंगने बोट ठेवलं. रेघ खाली पडली. तळाशी जाऊन राहिली. "काढ." वर. "ठेव." खाली. यिन-च्यू बघत राहिली. ही चिप तार खाली ओढून हाक मारते. तार वर असणं म्हणजे तिचं काही म्हणणं नाही. मग तिने फर्मवेअरमधला, यंत्रात कोरलेल्या मूळ सूचनांमधला, तक्ता उघडला, ज्यात कुठली तार कशी ऐकायची ते लिहिलेलं असतं, आणि तिथे उलटं होतं: वर म्हणजे हाक. यंत्र सुरू होताना ड्रायव्हर चिपला विचारून तार नीट लावून घेई. झोपेतून उठल्यावर मात्र तक्त्याचा शब्द प्रमाण. म्हणजे चिप शांत असताना यंत्र धावत होतं, कोण आहे, कोण आहे करत. आणि ती खरंच जीव तोडून तार खाली खेचायची, तेव्हा यंत्राला वाटे, हां, आता कसं सगळं ठीक आहे. "अरे देवा," झुआंग म्हणाला, "उलटं? इतकंच?" आणि मोठ्याने हसला. "ताई, एक शब्द! दोन महिने आपण एका शब्दासाठी डबे खातोय इथे!" यिन-च्यूही हसली. तिचं हसणं मध्येच कुठेतरी अडकलं.

कारण तिला आठवलं. गेल्या वर्षीच्या यंत्रात चिप आणि प्रक्रियक यांच्यामध्ये एक छोटासा भाग होता, वरचं खाली आणि खालचं वर करणारा. त्या यंत्रासाठी तक्ता बरोबर होता. नवं यंत्र म्हणजे तक्त्यासकट जुन्याचीच नक्कल, फक्त नाव बदललेलं, तसंच करतात सगळे. आणि मग सुरुवातीच्या एका बैठकीत सर्किट जोडणाऱ्यांनी सांगितलं होतं, तो छोटा भाग आम्ही काढून टाकतोय, चिप सरळच जोडतोय. विभागप्रमुख लो साहेबांनी टेबलावर पेन टकटकवत विचारलं होतं, "कोणाला काही अडचण?" यिन-च्यूला त्या क्षणी काहीतरी टोचलं होतं. शंका नव्हे, शंकेच्या आधीचं काहीतरी. जेवणाचे डबे आले होते, तळलेल्या मांसाचा वास दारातून येत होता, आणि जी बाई तोंड उघडेल तिच्यामुळे सगळ्यांचं जेवण गार होणार होतं. खोलीभर माणसं मूग गिळून बसली. "नाही? छान. चला जेवू," लो साहेब म्हणाले. गप्प राहिले म्हणजे कबूल आहे; इथे असंच वाचतात, कचेरीत, घरात, अंगणात. कधीपासून उलटी लागली होती ती तार? चाकं बघायला जायचं सोडलं त्या रविवारपासून? की आधी? सुई टेकवून बघता आलं असतं तर. पण तारेच्या बाबतीत निदान एवढं तरी होतं, की ती एक तर वर असते किंवा खाली. समोर बसलेल्या, जीभ दातांत धरून रंगवणाऱ्या या मुलीची शांतता म्हणजे मला घेऊन जा, की मला पाठवू नकोस? इतकी वर्षं आपण धावलो ते कोणाच्या दाराशी? यिन-च्यू उठली. तिला आता, या मिनिटाला, तिच्याजवळ जाऊन खाली बसायचं होतं. काय विचारायचं ते ठरलेलं नव्हतं. कदाचित नुसतं, तू काय रंगवतेयस. ती दोन पावलं गेली, आणि दार उघडून लो साहेब आत आले.

शनिवार म्हणून त्यांच्या पायात खेळायचे बूट होते आणि हातात चहाच्या पेल्यांची पिशवी. "घ्या घ्या, साखर अर्धी, बर्फ कमी. नंतर मला कंजूस म्हणू नका." मग आन-आनकडे बघून, "अरे वा, नवी इंजिनिअर! बोलत नाही वाटतं? बरंय, आमच्याकडे अशीच माणसं लागतात." झुआंगने उत्साहाने सगळं सांगितलं, रेघ दाखवली, बोट ठेवून दाखवलं, काढून दाखवलं. लो साहेब पेल्यातले साबुदाण्यासारखे गोळे चघळत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे तक्ता बदलायचा."

"हो साहेब, एक शब्द."

"एक शब्द." लो साहेबांनी मान डोलावली. "पोरा, तक्ता बदलला म्हणजे फर्मवेअर बदललं. फर्मवेअर बदललं म्हणजे सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. पेट्या बंद झाल्यात तिकडे. आणि गिऱ्हाईक विचारेल, हे आधी नाही दिसलं? मग वरचे मला विचारतील, कोणी नाही बघितलं? मग मी कोणाकडे बघू? तुझ्याकडे बघू?" झुआंगने सदऱ्याची टोपी आणखी पुढे ओढली. "यिन-च्यू, तुमचा ड्रायव्हर तर तुमच्या हातात आहे ना? त्यात करून टाका. ती हाक ऐकायचीच नाही. तार बंद. आपणच सारखं जाऊन विचारायचं, बोट आहे का, बोट आहे का, बोट आहे का. चालेल की."

"मग यंत्र कधी झोपणारच नाही, साहेब," यिन-च्यू म्हणाली. "सतत विचारत राहायचं म्हणजे... बॅटरी दुपारपर्यंत टिकणार नाही."

"शाळेतली पोरं वापरणार आहेत ती. गरिबांची पोरं. फुकट मिळतंय." लो साहेबांचा आवाज दुष्ट नव्हता, दमलेला होता, घरी जायचं असलेल्या माणसाचा. "पोरं कधी तक्रार करतात का? बरं. कोणाला काही अडचण?"

पंखा बंद होता. यिन-च्यूला आपलं तोंड थोडं उघडलेलं जाणवलं, जीभ वर टाळूला लागलेली, पहिला शब्द तिथपर्यंत आलेला. आणि तेव्हा टर्र असा आवाज झाला. मग कुर्रम. मग पुन्हा, सावकाश, कुर्रम.

आन-आन टेबलावरचं हिरवं पाकीट फोडून खात होती.

"ए! ए! अगं ते!" लो साहेबांच्या हातातला पेला हिंदकळला. "अगं, ते खायचं नसतं बाळ! यंत्राचं आहे ते!" झुआंगने दोन्ही हात डोक्याला लावले. "मेलो. सोमवारी सगळी बंद पडणार, बघा." तो अर्धा हसत होता, अर्धा नव्हता. मुलगी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती. ओठांवर नारळाची भुकटी, पाय जमिनीपासून वर लोंबकळते, डोळे न हलणारे. तिने आणखी एक कुरकुरीत तोंडात घातलं आणि चावलं, इतकं स्पष्ट की खोलीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जावं. यिन-च्यूला कळलं. सुई टेकवल्यासारखं कळलं. ही शहाणी पोर, जी मक्याचे दाणे पुडीत बांधते, तिला त्या पाकिटाचं मोल नक्की ठाऊक होतं. सकाळपासून ती त्याच्यासमोरच बसली होती, आणि सगळे ते सरळ करताना तिने पाहिलं होतं. यिन-च्यू वळली. पण वळली ती लो साहेबांकडे. कमरेत वाकली, आणि टाळूला लागलेला शब्द सुटला तो हा: "माफ करा साहेब. माफ करा. ती अशी नाहीये. ती फार शहाणी आहे."

"जाऊ द्या हो, पोर आहे," लो साहेब म्हणाले. "झुआंग, खाली जाऊन नवं घेऊन ये. हिरवंच बघून आण, आणि तारीख बघ. तर मग, ठरलं? अडचण नाही ना?"

"नाही," यिन-च्यूच्या तोंडून आलं. तिच्याच आवाजात.

मागे चावण्याचा आवाज थांबला होता. समोरच्या लॅपटॉपचा पडदा काळा होता आणि त्यात तिला पाठीमागची खोली दिसत होती, छोटी, काळपट, उलटी. त्यात आन-आनने केसांतला चिमटा काढला. पाकिटाचं तोंड दोनदा दुमडलं, आ-मा दुमडते तसं, हवा लागून मऊ पडू नये म्हणून, आणि तो चिमटा लावला. ते टेबलावर जिथे होतं तिथेच ठेवलं, आणि बोटाने हलकेच सरळ केलं. बोटांची भुकटी स्कर्टला पुसली. वही दप्तरात घातली, चेन शेवटपर्यंत ओढली, दप्तर दोन्ही खांद्यांवर चढवलं. मग ती दाराशी जाऊन उभी राहिली, खोलीकडे पाठ करून, हात दोन्ही बाजूंना सोडून, आणि पुन्हा हाक मारली नाही.